वर कोणी नाही

टॉप फ्लोअरचा फ्लॅट विकताना एजंटाच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं. "वर कोणी नाही, साहेब." स्थळ सांगणारे लोक ज्या सुरात "मुलगा एकुलता एक आहे" म्हणतात, त्याच सुरात तो हे म्हणतो. म्हणजे डोक्यावर कोणाचा खलबत्ता नाही, पहाटे कोणाची बादली सरकत नाही, रविवारी दुपारी कोणाची पोरं पलंगावरून उड्या मारत नाहीत. हवा भरपूर, उजेड भरपूर. डोंबिवलीत, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर आम्ही हे ऐकून राहायला आलो. उन्हाळ्यात स्लॅब मध्यरात्र उलटली तरी तापलेलाच असतो हे त्याने सांगितलं नाही, पण तो त्याच्या धंद्याचा भाग झाला. जे सांगितलं ते मात्र शब्दशः खरं निघालं. वर खरोखरच कोणी नाही, आणि ही गोष्ट किती भयंकर आहे ते पहिल्या गळतीला कळतं.

मधल्या मजल्यावरच्या माणसाचं छत गळलं तर त्याचं काम सोपं असतं. एक जिना चढायचा, बेल वाजवायची आणि म्हणायचं, "तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या किचनमध्ये येतंय." मग भांडण होतं, प्लंबर येतो, खर्च निम्मा-निम्मा ठरतो, दोन्ही घरांचा अबोला होतो आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका तो मोडतात. तिथे गळतीला आडनाव असतं. आमच्या वर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी, टाकीवरून गेलेली केबलवाल्याची वायर आणि त्याच्याही वर देव. यांपैकी कोणाचीच बेल वाजवता येत नाही.

आमच्याकडे गळतीची पहिली बातमी पंख्याने दिली. स्लॅब भरताना विजेच्या वायरींसाठी आत पाइप टाकून ठेवलेले असतात. पाण्याला काँक्रीटमधून झिरपत यायचा कंटाळा आला की ते या पाइपांत शिरतं आणि आयत्या रस्त्याने पंख्याच्या हुकापाशी येतं. त्या संध्याकाळी पंख्याच्या वरच्या वाटीच्या कडेला एक थेंब जमला. लगेच पडला नाही. आधी कडेला लोंबकळत राहिला, पोटात चहाचा रंग आणि अंगावर ट्यूबलाइटचा एवढासा पांढरा ठिपका घेऊन. मग दांडीवरून घसरत मोटरच्या टोपीवर आला. तिथल्या धुळीत जरा रेंगाळला. पात्याच्या मुळाशी जाऊन थांबला. मागून दुसरा आला, तिसरा आला, आणि पात्यावर त्यांचं चांगलं तळं साचलं. पंखा बंद होता. मी मान वर करून हे सगळं बघत बसलो होतो, तेवढ्यात सौभाग्यवती बाजारातून आल्या. "अहो, घामाने निथळताय, पंखा तरी लावायचा!" असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

पाणी वाटीभरच असेल. पण ते घरातल्या सगळ्यांना, सोफ्याला, टीव्हीला आणि भिंतीवरच्या दोन्ही आजोबांना अगदी समान मिळालं. सहकाराच्या तत्त्वाचा इतका शुद्ध प्रयोग मी आमच्या सोसायटीत त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिलेला नाही.

इलेक्ट्रिशियन आला, त्याने वर पाहिलं, जीभ चावली आणि हॉलचा एमसीबी खाली पाडला. "पावसाळाभर हा पॉइंट बंद ठेवा काका. शॉक बसेल." तेव्हापासून जून ते सप्टेंबर आमचा पंखा शोभेचा असतो. उरतो प्रश्न भांड्यांचा. कुठलं भांडं कुठे ठेवायचं याचं शास्त्र आमच्या घरात आता इतकं पुढे गेलंय की पुतण्या इंजिनीअरिंगला असून तोही आमच्याकडे शिकायला येतो. स्टीलच्या पातेल्यात थेंब पडला की टण्ण वाजतं, प्लास्टिकच्या बादलीत टप्प, आणि निम्म्या भरलेल्या टोपात डुब्बुक. हे तिन्ही आवाज रात्री दोन वाजता एकाच लयीत कधीच येत नाहीत, त्यामुळे माणूस झोपेत सम शोधत राहतो आणि जागाच राहतो. उपाय म्हणजे तळाशी जुना पंचा टाकणे. आवाज मरतो आणि पाणी उडून सोफाही भिजत नाही. टीव्हीच्या कपाटावर मात्र टोप बसत नाही, तिथे आमच्याकडे केकचा साचा असतो. आईने एकच अट घातलीय, "दुधाचं पातेलं यात घ्यायचं नाही," आणि ती आजवर मोडलेली नाही.

लहानपणी आजी एक गोष्ट सांगायची. झोपडीतली म्हातारी म्हणते, मला वाघाची भीती वाटत नाही तेवढी या गळतीची वाटते. बाहेर दबा धरून बसलेला वाघ ते ऐकतो, आपल्यापेक्षा भयंकर असं गळती नावाचं कोणी जनावर आहे असं समजतो आणि शेपूट घालून पळतो. आम्ही पोरं वाघाला हसायचो. आता वाटतं, त्या सगळ्या गोष्टीत परिस्थितीचं गांभीर्य कळलेला तो एकटाच होता.

छत गळू लागलं की पाहुण्यांच्या वागण्यात फरक पडतो. पूर्वी आत आलेला माणूस "काय म्हणता, बरे आहात ना?" विचारायचा. आता तो आधी वर बघतो, मग चपला काढतो, मग निदान सांगतो. मेहुण्याचं म्हणणं, हे टाकीचं पाणी आहे. बँकेतल्या मित्राचं म्हणणं, टाकीचं कसं असेल, हे कठड्यातून येतंय. सौभाग्यवतींच्या भिशीतल्या एका वहिनींनी वास घेऊन सांगितलं की पाणी जुनं आहे. वास्तुशास्त्र जाणणाऱ्या एका गृहस्थांनी होकायंत्र काढलं. पाणी ईशान्येला गळतंय म्हणजे उलट चांगलं आहे असं ते म्हणाले. त्यांना मुद्दाम ईशान्येच्याच खुर्चीत बसवून चहा दिला.

गंमत म्हणजे यातलं कुठलंही निदान खोटं ठरवता येत नाही. गच्चीचा स्लॅब नुसता उघडा नसतो. त्यावर विटांचे तुकडे बसवून, सिमेंट-वाळूत भरून चार-पाच इंचांचा कोबा करतात आणि पाणी जायच्या भोकाकडे त्याला उतार देतात, साधारण शंभर फुटांना एक फूट. आमच्या बिल्डरने उतार दिला होता, नाही असं नाही, पण तो टाकीकडे दिला होता. कोबा जिथे कठड्याला भिडतो तिथे कोपरा भरून गोलाई काढतात, तिला मिस्त्री लोक वाटा म्हणतात. पाणी बहुतेक वेळा तिथे फट सापडली की आत येतं. आत आलं की कोब्यातल्या विटा ते पिऊन बसतात. ते पाणी मग स्लॅबच्या वर, कोब्याच्या खाली, सावकाश फिरत राहतं, आणि काँक्रीटला जिथे बारीक चीर असेल तिथून खाली उतरतं. ती जागा आत शिरल्या जागेपासून वीस फुटांवर असू शकते. म्हणून हॉलच्या बरोबर वर, गच्चीवर उभं राहून "इथूनच येतंय बघा" असं पाय आपटून सांगणारा मनुष्य नेमका कोरड्या जागी पाय आपटत असतो.

यातून आणखी एक भानगड होते. विटांनी पाणी पिऊन ठेवलेलं असल्यामुळे मुसळधार पावसात छत कोरडं ठणठणीत राहतं आणि दोन दिवसांनी लख्ख ऊन पडलं की गळायला लागतं. सेक्रेटरी पाहणीला येतात ते पावसात, कारण गळती पावसातच बघायची असते असा त्यांचा समज आहे. ते येतात, वर बघतात, भिंतीला हात लावून बघतात, "काहीच तर नाही हो," म्हणतात आणि पोहे खाऊन जातात. उन्हात बोलवावं तर फोनवरच निकाल लागतो. "अहो, ऊन पडलंय, आता कसं गळेल?"

बऱ्याच पावसाळ्यांच्या निरीक्षणानंतर माझं एक मत बनलंय. पाणी आणि जबाबदारी या दोन्ही पदार्थांचा सोसायटीतला प्रवास सारखाच होतो. शिरतात एकीकडे, हिंडतात सगळीकडे आणि बाहेर पडतात माझ्या हॉलमध्ये.

मिस्त्रींना घेऊन मी गच्चीवर गेलो तेव्हा खरं काय ते दिसलं. कोबा म्हणून जे काही होतं त्यावर मागच्या तीस वर्षांच्या प्रगतीचा इतिहास कोरलेला होता. डिश टीव्हीवाल्यांनी प्रत्येक छत्रीसाठी ड्रिलने चार-चार भोकं पाडली होती. छत्र्या गेल्या, भोकं राहिली. सोलर हीटरच्या स्टँडने कोब्यात पाय रोवले होते. पाणी जायच्या भोकावरच्या जाळीत कुरडयांच्या प्लास्टिकचा एक तुकडा, एक शटलकॉक आणि कोणाची तरी टिकल्यांची पाकिटं अडकली होती. आणि कठड्याच्या कोपऱ्यात, वाट्याच्या फटीतून, दीड हात उंचीचा पिंपळ वर आला होता. पानं लाल, कोवळी, तजेलदार. इमारतीत त्याच्याइतकं निरोगी दुसरं कोणी नसावं.

"हा आधी काढा," मिस्त्री म्हणाले.

"तुम्ही काढा की."

"मी? पिंपळ?" मिस्त्री दोन पावलं मागे सरकले. "मुंजा असतो त्यात. तुम्ही घरमालक. तुम्ही काढा."

मी चेअरमनना विचारलं. चेअरमन आयुष्यभर सरकारी नोकरीत होते, त्यामुळे त्यांना मुंजाची भीती नाही, पण सहीची आहे. "कमिटीपुढे ठेवू," ते म्हणाले. कमिटीतल्या कोणीही पिंपळ उपटायला नाही म्हटलं नाही. कोण उपटणार एवढंच ठरलं नाही. एका सदस्याने नर्सरीवाल्याकडून त्याचं कुंडीत पुनर्वसन करावं अशी सूचना मांडली, ती इतिवृत्तात आहे. पिंपळ अर्थातच कठड्यात आहे.

आजोळी, रत्नागिरीकडे, हे असलं काही नव्हतं. घर कौलारू होतं. मे महिन्यात शाकारणी व्हायची. आढ्यापासून पागोळीपर्यंत एकेक कौल काढून, फुटकं बाजूला टाकून, वासे-रिपा तपासून सगळं पुन्हा बसवायचं. मागच्या पडवीवर जुनी नळीची कौलं होती, पुढच्या अंगाला मंगलोरी. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला काढला आणि ती कौलं गलबतांतून सगळ्या किनाऱ्यावर पोचली. एकमेकांच्या खाचेत बसणारं ते कौल म्हणजे धर्मप्रसारकांनी कोकणाला दिलेली सर्वांत उपयोगी गोष्ट, असं आजोबा म्हणायचे, आणि ते सोवळ्यात जेवणारे होते. तरी घर गळायचंच. वानरं कौलांवर धुडगूस घालायची, फणस आपटायचा. पण गळलं की आजोबा अंथरुणातून उठायचे, कोपऱ्यातली काठी घ्यायचे, खालूनच कौल थोडं वर सारायचे आणि परत झोपायचे. ना कोटेशन, ना ठराव. कौलाला काठी पोचते, कोब्याला पोचत नाही.

सोसायटीपाशी जायचं तर कायदा वाचून जावा म्हणून मी उपविधींचं पुस्तक आणलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० सालचा, त्याखालचे हे आदर्श उपविधी. त्यात लख्ख लिहिलंय की गच्ची आणि तिचे कठडे यांची दुरुस्ती सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायची. एवढंच नाही, गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या छताचं प्लास्टर बिघडलं असेल तर तेही सोसायटीनेच करून द्यायचं. मी त्या ओळींखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली आणि पुस्तक खजिनदारांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"बरोबर आहे तुमचं. यात कुठे नाही म्हटलंय?"

"मग?"

"मग काय, फंड बघायला हवा."

फंड म्हणजे सिंकिंग फंड. तो बांधकामाच्या खर्चाच्या वर्षाला निदान पाव टक्का जमवायचा असतो. दुरुस्तीचा फंड वेगळा, तो पाऊण टक्का. आता आमची इमारत उभी राहिली १९९४ मध्ये, आणि बांधकामाचा खर्चही १९९४ चाच धरलेला. त्यामुळे त्या फंडात १९९४ च्या भावाने गच्ची दुरुस्त करता येईल. शिवाय तो एफडीत आहे. एफडी मोडणे हे आमच्या कमिटीच्या लेखी कुलदैवताची मूर्ती मोडण्यासारखं. व्याज बुडतं ना!

राहिला मार्ग वर्गणीचा, आणि तिथे पहिल्या मजल्यावरचे काका उभे आहेत. काका स्वभावाने फार गोड. गणपतीत आरतीला टाळ त्यांचेच. पण गच्चीचा विषय निघाला की ते एकच वाक्य बोलतात, "आमच्याकडे तर गळत नाही." मी त्यांना २६ जुलै २००५ ची आठवण दिली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, इकडे कल्याण-डोंबिवलीतही पाणी शिरलं, आणि तळमजला-पहिल्या मजल्याची सगळी मंडळी गॅसच्या शेगड्यांसकट आमच्या हॉलमध्ये रात्रभर होती. तेव्हा आमचं छत धडधाकट होतं. काकांनी त्याच सोफ्यावर झोप काढली होती. ते सगळं त्यांना आठवत होतं. "काय खिचडी केली होती हो वहिनींनी!" म्हणाले. वर्गणीचं मात्र नाव नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. हवामान खात्याच्या २०२० च्या सुधारित तारखांप्रमाणे मुंबईत पाऊस ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला जातो. आमची कमिटी या दोन्ही तारखांचा अभ्यास करूनच चालते असा माझा संशय आहे. जूनमध्ये पत्र द्यावं तर उत्तर येतं, "आता पावसात काम कसं करणार? ओल्यावर केमिकल धरत नाही." हे खरंच आहे. सप्टेंबरअखेर सभा. गणसंख्या भरत नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग त्याच माणसांत पुन्हा सुरू. तोवर सरी विरळ झालेल्या असतात आणि लोकांचा जीव भांड्यात पडलेला असतो, माझ्या नव्हे, आपापल्या. ठरतं, दिवाळीनंतर करू. दिवाळीनंतर लग्नसराई. जानेवारीत गच्चीवर पतंग. फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा, ठोकाठोक नको. मार्च म्हणजे हिशेबाची अखेर. एप्रिलमध्ये पापड, कुरडया, सांडगे, आणि गच्चीचं काम काढून एक वर्षाच्या कुरडया बुडवायची हिंमत चेअरमनमध्येही नाही, कारण त्यांच्याही घरच्या असतात. मेमध्ये मिस्त्री गावी. मग येतो जून, आणि "आता पावसात काम कसं करणार?"

गच्ची कोजागरीला सगळ्यांची असते. तिथे दूध आटतं, अंताक्षरी होते, नव्या सुनांची ओळख होते. श्रावणात ती एकट्या माझी असते.

एका वर्षी मात्र चक्र पुढे सरकलं. पाणी माझ्या भिंतीतून उतरत उतरत तिसऱ्या मजल्यावर पोचलं, आणि तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी राहतात. आठवड्याच्या आत तीन कोटेशनं आली. पहिला कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, तोडायचं काही नाही, वरून धुऊन, भेगा भरून, केमिकलचे दोन हात मारू. दुसरा म्हणाला, दोन हातांनी काय होतंय, सगळा कोबा उखडून नवा घालावा लागेल. तिसरा म्हणाला, उखडलात तर जुना स्लॅब हादरेल, आणि जुन्यावर नवा कोबा घातलात तर वजन वाढेल, त्यापेक्षा गॅसच्या बत्तीने डांबरी शीट चिकटवू. प्रत्येकाने उरलेल्या दोघांना चोर ठरवलं. मला तिघांचंही पटलं. गॅरंटी तिघांची दहा वर्षांची. आमच्या सभेने सर्वांत शास्त्रीय निकष लावला आणि सर्वांत स्वस्त कोटेशन मंजूर केलं.

केमिकल लागलं. गच्ची हिरवीगार दिसायला लागली, लोक फोटो काढायला वर गेले. मिस्त्री म्हणाले, भोकं बंद करून चार बोटं पाणी भरून ठेवा, ४८ तासांनी कळेल कुठून गळतंय. सौभाग्यवती म्हणाल्या, "चार महिने वरचा हीच टेस्ट फुकट करून देतोय, तेव्हा कोणी बघायला आलं नाही." तरी पाणी भरलं. गळलं नाही. जुलैत गळलं. गॅरंटीचा कागद काढला. लेटरहेडवर दोन मोबाइल नंबर होते. त्यातला एक अस्तित्वात नव्हता आणि दुसऱ्यावर एक बाई फार प्रेमाने म्हणत राहिल्या की ग्राहक कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. त्यांच्याशी माझं आता जवळजवळ रोज बोलणं होतं.

एवढं होऊनही मला आपली सोसायटी जगावेगळी वाईट आहे असं वाटत नाही, कारण मी थोडं वाचन केलं. चंदीगड ज्याने आखलं त्या ल कोर्बुझिएने पॅरिसजवळ पॉइस्सी इथे सावॉय कुटुंबासाठी एक घर बांधलं. १९३१ मध्ये पुरं झालं. सपाट छत, पांढऱ्या भिंती, आज जागतिक वारशात नाव. ते पहिल्यापासून गळत होतं. घरच्या बाई वर्षानुवर्षं त्याला पत्रं लिहीत होत्या की हॉलमध्ये पाऊस पडतोय, बाथरूममध्ये पडतोय, गॅरेजची भिंत भिजलीय. शेवटी कोर्टात जायची भाषा झाली. मधल्या काळात वास्तुकाराने बाईंना काय सुचवावं? खालच्या हॉलमध्ये एक वही ठेवा आणि घर बघायला येणाऱ्यांची नावं-पत्ते लिहून घ्या, म्हणजे केवढी मोठमोठी माणसं येतात ते कळेल! आमच्या सेक्रेटरींनी एवढ्या पोह्यांत कधी वही मागितली नाही, हे मला कबूल करायला हवं.

आणि पॅरिसला तरी कशाला जायचं? दिल्लीत नवं संसद भवन २०२३ मध्ये उघडलं आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या लॉबीत ठेवलेल्या बादलीचे व्हिडिओ देशभर फिरले. सचिवालयाचा खुलासा आला की लॉबीवरच्या घुमटाच्या काचा ज्याने चिकटवल्या होत्या ते द्रव्य जरासं सरकलं होतं, ते लगेच दुरुस्त केलं. मी तो खुलासा छापून सेक्रेटरींना नेऊन दिला. म्हटलं, भाषा बघा, किती पटकन केलं बघा. त्यांनी मन लावून वाचला आणि म्हणाले, "बघा, तिथेसुद्धा बादलीच ठेवतात."

पत्र्याची शेड हा शेवटचा उपाय. महापालिकेची परवानगी काढून सबंध गच्चीवर पत्रा टाकायचा, म्हणजे गच्चीवर पाऊसच पडणार नाही. कमिटीला हे एकदम पटलं. पटलं ते गळतीमुळे नव्हे. पत्रा पडला तर खाली टेबल टेनिस लावता येईल, गणपती पावसाच्या भीतीशिवाय वर बसवता येईल, बारशी-मुंजींना भाड्याने देता येईल, अशी यादी निघाली. काकाही उत्साहाने बोलले. "मीसुद्धा वर्गणी देतो!" म्हणाले. भाडं किती घ्यायचं यावर दीड तास चर्चा झाली, सोसायटीतल्या लोकांना सवलत किती यावर मतभेद झाले आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

ती सभा या महिनाअखेरीस आहे. गच्चीवर घ्यायची प्रथा आहे, पण पाऊस अजून सरलेला नाही, म्हणून यंदा ती आमच्या हॉलमध्ये घ्यावी असं लेखी पत्र मी कमिटीला दिलं आणि त्यांनी ते मंजूर केलं. नोटीस जिन्यात लागलीय. बसायची व्यवस्था मी स्वतः, थेंब बघून, करणार आहे. सेक्रेटरी पंख्याखाली, काका त्यांच्या आवडत्या सोफ्यावर, टीव्हीकडच्या टोकाला. चहा-पोहे आमच्याकडून. सभासदांनी वेळेवर यावं, आणि छत्री ज्याची त्याने आणावी.